गच्चीचं कुलूप

चरई, ठाणे
१९ जुलै

प्रिय दिल्या,

रेवाच्या लग्नाला आलो नाही. त्यानंतर तू दोनदा फोन केलास, तोही उचलला नाही, आणि मग उचलला नाही याचीच लाज वाटायला लागली म्हणून परत केला नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. मी थांबतो.

झालं? बरं.

माझी शुगर आहे तिथं आहे, मेधाची कंबर आहे तिथं आहे. तब्येतीचं संपलं.

गेल्या महिन्यात मी घराचा लॅच किल्लीशिवाय उघडला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघे टेकून, समोरच्या वहिनींच्या केसातल्या आकड्यानं. ऑफिसात सांगितलं तर लोक हसतात, मेधाला सांगितलं तर ती म्हणते, किल्ली खिशात ठेवायला काय होतं? म्हणून तुला लिहितोय.

सकाळी साडेसहाला दूध आणायला खाली उतरलो. मेधा डोंबिवलीला, तिच्या बहिणीकडे. गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं, किल्ली खिळ्यावर. वर आलो तर वाऱ्यानं दार लागलेलं. पाऊस होता, जिन्याच्या खिडकीतून नुसता घों घों वारा. बेल वाजवली. आईची पावलं आली, थांबली.

‘कोण आहे?’

‘आई, मी सुन्या.’

‘सुन्या शाळेत गेलाय. घरात पुरुषमाणूस नाही. संध्याकाळी या.’

आणि पावलं परत गेली.

दिल्या, लॅच आतून नुसता फिरवायचा असतो रे. मी पलीकडून सगळं सांगून पाहिलं. अण्णांचं नाव, ताईचं नाव, गोकुळाष्टमीला तू मडकं समजून शेजाऱ्यांची कुंडी फोडलीस ते. दाराला तोंड लावून ओरडत होतो, ‘आई, गॅस बंद कर!’ वरचे, खालचे, सगळे जिन्यात गोळा झाले. एक म्हणाला, सुतार बोलवून दार फोडू. अण्णांचं सागाचं दार! दुसरा म्हणाला, जांभळी नाक्यावर चावीवाला बसतो. बसतो, पण साडेनऊशिवाय नाही. मेधाला डोंबिवलीहून यायला तास तर धरच, त्यात लोकल.

मग मी म्हटलं, आकडा आहे का कुणाकडे? वहिनींना वाटलं, माझं डोकं फिरलं.

आधी कार्ड घालून बघितलं. कुठल्या तरी मिठाईवाल्याचं पॉइंट जमवायचं कार्ड होतं त्यांच्याकडे. पण अण्णांनी चौकटीला बाहेरून पट्टी मारून घेतलेली, त्यामुळे कार्ड आत वळून जिभेपर्यंत पोचेच ना. मेले तरी अण्णा चोरांना पुरून उरले. मग आकडा. टोकावरचा प्लास्टिकचा थेंब दातानं ओढून काढला, तार सरळ केली, टोक चार-पाच मिलिमीटर किल्लीच्या भोकात घालून वाकवलं. उचलायचं झालं. ओढायला काय? वहिनींच्या मुलानं ऑफिसच्या कागदांची यू क्लिप दिली. ती दोन वळशांत शिजलेल्या शेवयांसारखी लोळायला लागली. नेलकटरची कानस जाड, भोकात जाईना. सेफ्टी पिन जाते, पण ताण दिला की पीळ पडतो. आणि मग त्यांच्या चपलांच्या स्टँडमागे मला गाडीचा जुना वायपर दिसला. पावसाळ्याआधी सगळ्यांनीच बदललेत. त्याच्या रबरात दोन्ही बाजूंनी स्टीलची पातळ पट्टी असते, तुला माहितीय. ती ओढून काढली, पकडीनं बोटभर तोडली, टोकाला काटकोनात वळवली. दिल्या, काय वस्तू आहे! आपण त्या मे महिन्यात सायकलचे आरे दगडावर ठेचत बसलो, तेव्हा आपल्या अख्ख्या बिल्डिंगीत कुणाकडे गाडी नव्हती, नाहीतर तिसऱ्या दिवशी गच्चीवर असतो.

पण हे कुलूप गच्चीसारखं नाही. ते अलिगढी, लिव्हरचं. आत एकावर एक पितळी पट्ट्या, प्रत्येक नेमकी तेवढीच उचलली पाहिजे. लॅचमध्ये पिना. पाच पिनांच्या जोड्या, डोक्यावर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की पाचही जोड्यांमधल्या फटी एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. लायनस येलच्या पोरानं (बापाचंही नाव लायनसच) १८६१ मध्ये पेटंट घेतलं, पण मूळ कल्पना इजिप्तवाल्यांची, लाकडी खुंट्यांची. आता कुलूप उघडतं कशामुळं, तर पाच भोकं कारखान्यात कधीच अगदी एका ओळीत पडत नाहीत. हलका ताण दिला की पाचांतली एकच पिन अडकते. ती शोधायची, उचलायची, टिक् झालं की गाभा तीळभर सरकतो. मग दुसरी. ताण जास्त झाला की सगळ्याच आवळून बसतात. माझं तेच होत होतं. हात थरथरत होते, आणि आत गॅस.

तीन पिना बसल्या, की आईची चाहूल लागायची, मी दचकायचो, पट्टी सुटायची, सगळ्या खाली. असं चार वेळा.

मागून एक काका म्हणाले, ‘तुम्हाला हे येतं कसं हो?’ तुझ्या वकील मेव्हण्याला सांग, पोलीस कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीची हत्यारं बाळगली तर गुन्हा आहे, हे मला माहीत होतं आणि तेव्हा केव्हाच उजाडलं होतं.

तेवढ्यात मला काय आठवावं, तर हॉब्ज! तू मराठी ग्रंथसंग्रहालयात कशात तरी वाचून आला होतास की लंडनला पिकॅडिलीत ब्रामाच्या दुकानात खिडकीत कुलूप ठेवलेलं, उघडेल त्याला दोनशे गिनी, आणि साठ-एक वर्षं कुणाला उघडलं नाही; मग १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाला एक अमेरिकन आला आणि त्यानं उघडलं. एक्कावन्न तास लागले म्हणालास. मी म्हटलं, थापा. त्यावरून आपण आठ दिवस बोलत नव्हतो. परवा बघितलं. खरं आहे. एक्कावन्न तास, सोळा दिवसांत मिळून. घे, माफी. त्यानं चब या दुसऱ्या इंग्रज कुलूपवाल्याचं कुलूप मात्र पंचवीसेक मिनिटांत उघडलं होतं, हे तू सांगितलं नव्हतंस, कारण त्यानं तुझ्या गोष्टीतली मजा गेली असती.

मला पस्तीस मिनिटं लागली. म्हणजे चबच्या मागे, ब्रामाच्या पुढे.

दार उघडलं तर समोर आई, हातात सांडशी उगारलेली. गॅस बंद होता. तिनंच केलेला. मी अजून गुडघ्यांवर. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हातातल्या दोन तुकड्यांकडे बघितलं, सांडशी खाली घेतली, आणि म्हणाली,

‘दिल्या कुठंय?’

मला काही सुचेना.

‘लावून या म्हटलं होतं ना परत? लावलंत?’

मी म्हटलं, ‘लावलं.’

‘मग हात धुऊन घ्या.’

तुला आठवतं का, ती कशी म्हणाली होती? आपण धावत खाली आलो होतो, आणि तिनं आरा काढून घेऊन तांदळाच्या डब्यात घातला आणि म्हणाली, चेअरमन यायच्या आत लावून या. आणि ते कुलूप दाबून लागत नव्हतं, लावायलाही किल्लीच. आपण जिन्यात अर्धा तास बसून राहिलो, मग तू खाली गेलास आणि तुला अप्पांनी धरलं. चेअरमनबाईंचे पापड आपण खाल्ले नव्हते, नुसते तुडवले होते.

आता एक लिहून टाकतो. कुलूप मी उघडलं होतं. शेवटची पट्टी मी उचलली, तू तेव्हा पाणी प्यायला गेला होतास. तुला माहितीय की मला माहितीय. मार तू खाल्लास म्हणून कुलूपही तूच उघडलंस, हा तुझा हिशोब मी पंचेचाळीस वर्षं चालू दिला, कारण तो मोडला तर पट्ट्याचे फटकेही वाटून घ्यावे लागले असते. मी दाराआड उभा होतो. मोजत होतो. तू नाव घेतलं नाहीस.

असो.

आईला आपण दोघं तेरा वर्षांचे आठवतो आणि अठ्ठावन्नचा मी आठवत नाही. पण हे सगळं नुसती प्रस्तावना होती. खरं पुढं आहे, आणि ते लिहायला चार दिवस लागले.

त्यानंतर आठवड्याभरात ती घराबाहेर पडली. लॅच फिरवून, अनवाणी, पावसात. दोन तास आम्ही स्टेशनपासून घंटाळीपर्यंत फिरलो. तलावपाळीला, रंगायतनसमोर एका चणेवाल्यानं तिला आपल्या छत्रीखाली बसवून ठेवलं होतं, हातात पुडी दिलेली. पैसे घेतले नाहीत त्यानं. डॉक्टर म्हणाले, हे आता होत राहणार. मेधाला शाळा आहे, मला अजून दोन वर्षं ऑफिस. दिवसभराची बाई दुपारी बाराला येते, आधीचे अडीच तास उरतात.

म्हणून जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावतो. लिहिलं.

जांभळी नाक्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, किती लिव्हर? मी म्हटलं, सात. पिनांचं दाखवत होता, स्वस्त होतं, मी म्हटलं, नको, लिव्हरचंच दे. आकड्यानं उघडणार नाही असं बघून घेतलं मी, दिल्या. का ते तेव्हा कळलं नाही.

एक किल्ली समोरच्या वहिनींकडे आहे, आग वगैरे लागली तर. त्यांनी मला परवा थांबवलं. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही गेलात की आजी मोढा घेऊन दाराशी येतात. जाळीतून हात बाहेर काढतात आणि अंबाड्यातला आकडा काढून कुलपात घालतात. रोज. शांतपणे. बाई आली की आकडा परत डोक्यात.

आई! जिनं आपला आरा तांदळात पुरला!

मेधा म्हणते, आकडे काढून घ्या, डोळ्याबिळ्याला लागेल. बरोबरच बोलते. ती दिवसाचे आठ तास आईचं सगळं करते, तिच्यापुढं माझी तत्त्वं कुणाला हवीत. ताई पुण्याहून फोनवर म्हणते, लॅच उलटा बसवून घे, आतून किल्ली लागेल असा. तेही कुलूपच ना. चांगल्या होममध्ये ठेवायचं म्हटलं तर तिथंही दारं बंद असतात, मी जाऊन बघून आलो, घोडबंदर रोडला. स्वच्छ आहे. कोड दाबायचा असतो.

सकाळी नऊ पंचविसाला कुलूप लावताना ती जाळीपलीकडे उभी असते. कधी मला ‘किल्ली घेतलीस ना?’ विचारते, आईसारखी. कधी विचारते, ‘तुम्ही कोण?’ दोन्ही दिवशी मी कुलूप ओढून बघतो, नीट लागलंय ना. ओढून बघण्याची सवय अण्णांची.

रविवारी मी तिला शेजारी बसवून अण्णांच्या पेटीतलं एक जुनं कुलूप दिलं, आणि तो वायपरचा तुकडा. म्हटलं, बसू दे खेळत. तिनं पट्टी भोकात घातली, हलकेच. माझ्यापेक्षा हलका हात आहे तिचा. उघडलं नाही. मग म्हणाली, हे तुझ्या मित्राला दे, त्याला येतं.

म्हणजे तुझं श्रेय तिथंही तुलाच.

आकडे मी अजून काढलेले नाहीत. काढावेत की नाही ते सांग. डॉक्टरला नाही विचारत, तुला विचारतोय.

रेवा कशी आहे? जावई काय करतो म्हणालास, मी विसरलो. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पुढं ढकललंस? वहिनींना नमस्कार. लग्नाचा आहेर मेधानं आणून ठेवलाय, ताट आहे, पोस्टानं पाठवता येत नाही.

गणपतीच्या आधी ये. आलास की बेल वाजवू नकोस, ती घाबरते. खालूनच हाक मार, पूर्वी मारायचास तशी, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी आणि मग ‘सुन्याऽ’. खालून आवाज आला की ती अजून गॅलरीत येते.

तुझा,
सुन्या