चौकशीआधीचा निकाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हिशेबात घोळ झाल्याचे अध्यक्षांना ठाऊक नव्हते’ असा मथळा नुकताच एका दैनिकात वाचला. चौकशी अजून सुरू असल्याचा उल्लेख बातमीच्या अगदी शेवटी होता. मथळा देणाऱ्याला आपण अध्यक्षांची बाजू मांडली असे वाटले असेल. प्रत्यक्षात घोळ झाल्याचा निकाल त्याने चौकशीआधीच देऊन टाकला. हेच वाक्य ‘ठाऊक होते’ असे होकारार्थी केले, किंवा ‘ठाऊक होते का?’ असे विचारले, तरी घोळ जागचा हलत नाही, कारण नकार आणि प्रश्न अध्यक्षांच्या माहितीपुरतेच लागू होतात. उलट ‘घोळ झाला असे अध्यक्षांना वाटत नव्हते’ असे लिहिले असते, तर घोळ झाला की नाही हा मुद्दा खुला राहिला असता.

पॉल व कॅरल किपार्स्की या भाषाभ्यासकांनी १९७० मध्ये इंग्रजी क्रियापदांतला हा भेद तपशिलाने मांडला. मराठीत तर एकच क्रियापद दोन्हीकडे जाते. ‘तो गेल्याचे मला समजले’ म्हणजे तो गेलाच. ‘तो गेला असे मी समजत होतो’ म्हणजे बहुधा तो गेलेला नाही. ‘मला’ आणि ‘मी’ यांतच खरेखोटे ठरते. आणि ‘राजीनामा दिल्याचे समजते’ या वृत्तपत्री वाक्यात कोणाला समजते हेच गाळलेले असल्याने तिथे ते क्रियापद अंग राखून बोलते!

‘कबूल केले’ हे याहून जोखमीचे. काटेकोरपणे पाहिले तर दबावाखाली खोटी कबुलीही दिली जाते. पण ‘चोरी केल्याचे त्याने कबूल केले’ हे वाचताना क्वचितच कोणी थांबतो. ‘केल्याचे’ हे रूप स्वतः तटस्थ आहे. त्याच्यापुढे ‘भासवले’ आले की गोष्ट खोटी ठरते, ‘उघड झाले’ आले की खरी.

प्रकरण अनिर्णित असेपर्यंत ‘सांगितले’ किंवा ‘म्हणणे आहे’ ही साधी क्रियापदे आपल्या दैनिकाने तरी दोन्ही बाजूंना सारखी वापरावीत, एवढीच विनंती. एकाच बातमीत तक्रारदार ‘दावा करतो’ आणि अधिकारी ‘स्पष्ट करतात’, तेव्हा बातमीदाराचा कौल कुणाकडे आहे हे वेगळे विचारावे लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक