ऑर्हूसहून बाबांना

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दुसऱ्याच्या चित्रावर रंग फासणाऱ्याला चित्रकार कसे म्हणायचे, हा तुमचा फोनवरचा प्रश्न मनातून जाईना, म्हणून परवा ऑर्हूसहून पुन्हा इथल्या, डेन्मार्कमधल्याच, सिल्केबोर्ग गावच्या संग्रहालयात जाऊन डॅनिश चित्रकार आस्गर योर्नचे 'अस्वस्थ करणारे बदकाचे पिल्लू' हे चित्र नीट पाहून आले.

मूळ चित्र कुणा अप्रसिद्ध चित्रकाराचे आहे. तळे, काठावर घर, मागे झाडी. आपल्याकडे दिनदर्शिकेवर असते तसलेच निसर्गदृश्य. त्यावर योर्नने १९५९ मध्ये घरापेक्षा मोठे, रंगीबेरंगी पिल्लू उभे केले. जवळून पाहिले की पिल्लाच्या अंगावरचे रंगाचे जाड थर दिसतात आणि तळ्याचे पाणी मात्र तसेच शांत, गुळगुळीत राहिलेले आहे. वर्गात एकाने दुसऱ्याच्या कागदाला हात लावला तर तुम्ही किती रागवायचात, हे मला आठवले. पण बाबा, नाझी फौजांनी डेन्मार्क व्यापलेला असताना, १९४१ मध्ये, घरोघरी टांगलेल्या अशाच साध्या चित्रांची बाजू घेऊन लेख लिहिणारा योर्नच होता. ज्या चित्रांकडे जाणकार ढुंकूनही पाहत नसत, त्यांवर त्याचे खरोखर प्रेम होते, आणि म्हणूनच त्याच्या रंगात मला हेटाळणी दिसत नाही.

त्याचा राग होता तो कलेच्या बाजारावर आणि मानमरातबावर. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये त्याने मित्रांसह 'कोब्रा' हा कलावंतांचा गट स्थापन केला. कोपनहेगन, ब्रसेल्स आणि ॲमस्टरडॅम यांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. गट तीनच वर्षे टिकला. १९६४ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयाचे पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्याने 'तुमचे पैसे घेऊन नरकात जा' अशा अर्थाची तार केली. ही भाषा तुम्हाला रुचणार नाही, हे मी जाणते.

मला मात्र त्याच्या आयुष्यातली दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९५१ मध्ये क्षयाने ग्रासलेला आणि पैशाने पुरता नडलेला योर्न सिल्केबोर्गच्या आरोग्यधामात दाखल झाला आणि तिथून बरा होऊन बाहेर पडला. पुढे नाव झाल्यावर त्याने या लहानशा गावाला स्वतःची आणि इतर कलावंतांची मिळून हजारो चित्रे व शिल्पे देऊन टाकली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवरचे, जवळजवळ पाच मीटर रुंदीचे 'स्टालिनग्राड' हे त्याचे चित्रही तिथेच आहे. १९५७ च्या सुमारास सुरू केलेल्या या चित्रावर तो १९७२ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत, पुन्हा पुन्हा रंग चढवत राहिला. त्यात ना सैनिक ओळखू येतात ना शहर. पांढऱ्या रंगाखाली काळ्या-करड्या खुणा तेवढ्या बुजत गेलेल्या दिसतात. त्या चित्रासमोर मी बराच वेळ बसून होते.

पिल्लाचे छायाचित्र असलेले कार्ड सोबत पाठवीत आहे. चष्मा लावून आधी तळ्याकडे पाहा आणि मग काय वाटले ते सविस्तर कळवा. आईस नमस्कार.

तुमची,
धाकटी