रोज शिजतं त्याला पैसे घाल

फोंडा (गोवा), एप्रिल

चि. मृणाल, अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेलं सुपरमार्केटचं बिल पाहिलं. आईची नजर थेट खालच्या रकमेवर गेली आणि ती गप्पच झाली. मी ओळ न् ओळ वाचली. दुकानात माल उतरवून घेण्यात उमर गेली, त्यामुळे बिल वाचायची सवय तशीच राहिली आहे.

चिमी आता भात-वरण खाऊ लागली, तेव्हा घरात सेंद्रिय सामान आणायचं हा तुमचा विचार मला मनापासून पटला. पण पर्वरीचं भाडं, गाडीचा हप्ता आणि चिमीला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार जाऊन जे उरतं, त्यात सगळंच सेंद्रिय बसणार नाही. तशी गरजही नाही. बिलात सेंद्रिय बिस्किटं आहेत, केचप आहे, मध आहे, नारळाची साखर आहे. तांदूळ आणि तूरडाळ मात्र साधी. हे बरोबर उलटं झालं आहे. जे तुमच्या घरी रोज शिजतं आणि पोटभर खाल्लं जातं, त्याला आधी पैसे घाल. अधूनमधून चमचाभर लागणाऱ्या वस्तूंचं नंतर बघू.

बिस्किटांचंच घे. घटक पदार्थांतले ९५ टक्के सेंद्रिय असले की पाकिटावर तसं लिहिता येतं, पण त्यातली साखर ती साखरच आणि मैदा तो मैदाच. लेकराला त्यातून काही मिळत नाही. मध तर वर्ष पुरं होईपर्यंत चिमीला द्यायचाच नाही, सेंद्रिय असो की नसो. तान्ह्या मुलांना त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तरी लिहितो. डब्यातल्या सेंद्रिय बेबी फूडऐवजी नाचणी आण. नाचणीवर कीड कमी पडते, फवारणीही कमी होते, त्यामुळे साधी घेतली तरी चालते. भिजवून, मोड काढून, सावलीत वाळवून सत्त्व कसं करायचं ते आई फोनवर सांगेल.

आता शिक्क्यांविषयी. ‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘केमिकल फ्री’, ‘गावठी’ यातल्या कशाचाही अर्थ सेंद्रिय असा होत नाही. एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ साली आले. तेव्हापासून पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह बघायचं: हिरवं वर्तुळ, त्यात पान आणि बरोबरची खूण. त्यामागे दोनपैकी एक व्यवस्था असते. एनपीओपीत (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात) मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते, त्याचा ‘इंडिया ऑर्गॅनिक’ असा शिक्का. पीजीएस-इंडियात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. दुसऱ्या पद्धतीत खर्च कमी येतो, म्हणून लहान शेतकरी तिकडे वळतात. ‘पीजीएस-ग्रीन’ असं दिसलं तर मागे सरू नकोस. त्या शेतकऱ्याने रसायनं सोडली आहेत, फक्त मुदत भरायची आहे. हंगामी पिकाला दोन वर्षं आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांना तीन. या काळात त्याचं उत्पन्न घटतं आणि पूर्ण सेंद्रियचा भावही मिळत नाही. असा माल परवडत असेल तर मुद्दाम घे.

सुट्या डब्यांवर ‘ऑर्गॅनिक’ अशी पाटी लावून फावड्याने तांदूळ-कडधान्य विकतात, त्यापासून मात्र सांभाळ. पोतं कुठून आलं आणि त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे हे शेल्फवरच्या मुलाला माहीत नसतं, त्यात त्याची चूक नाही. दुकानाने कागद दाखवला तर घे, नाहीतर तोच पैसा शिक्क्याच्या पाकिटाला दे.

दर बघताना एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो, तो वाच. समजा, अर्ध्या किलोची तूरडाळ दीडशेला आहे आणि किलोची दोनशे साठला. वरवर बघता दीडशेच स्वस्त वाटते, पण ती किलोला तीनशे पडते. एक सेंद्रिय कंपनी दुसरीशी ताडताना तर हा आकडा हवाच, कारण एकाचं पाकीट ४०० ग्रॅमचं असतं आणि दुसऱ्याचं ५०० चं, आणि पाकिटं दिसतात सारखीच.

सेंद्रिय धान्याला कीड लवकर लागते, आणि त्यामागचं कारण तुला सांगायला हवं. साध्या धान्याच्या गोदामात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. सेंद्रिय मालाला ती चालत नाही. त्यात हा माल महाग असल्यामुळे दुकानात सावकाश खपतो आणि शेल्फवर पडून राहतो. त्यामुळे आधी पॅकिंगची तारीख बघ. मग पाकीट उभं धरून तळाचा कोपरा उजेडात बघ. तिथे बारीक पीठ साचलं असेल किंवा दाणे एकमेकांना चिकटून जाळी धरली असेल तर परत ठेव. चांगला शेल्फवाला जुना माल पुढे आणि नवा मागे लावतो, म्हणून हात मागच्या पाकिटापर्यंत घालायला लाजू नकोस.

पण याच सावकाश खपाचा तुला फायदाही आहे. मुदत जवळ आली की सेंद्रिय मालाला सूट लागते. गूळ, राजमा, चणे, सैंधव असल्या वस्तू ‘बेस्ट बिफोर’ला महिनाभर असताना सवलतीत मिळाल्या तर बिनधास्त घे. पीठ, अळशी, शेंगदाणे, हातसडीचा तांदूळ मात्र सवलतीत घेऊ नकोस. त्यातलं तेल खवट होतं. गव्हाचं तयार सेंद्रिय पीठ तर घेऊच नकोस. सेंद्रिय गहू आण, गिरणीत दळून घे. जवळजवळ सगळीकडे गहू पिठापेक्षा स्वस्त पडतो आणि पीठ ताजं मिळतं.

घरी आणलेली डाळ आणि तांदूळ फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस ठेव, मग डब्यात भर. अंडी असली तरी मरतात. पाकीट बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस, आधी ते खोलीच्या उष्णतेला येऊ दे, नाहीतर बाहेरची ओल आत जाते. आपल्याकडच्या पावसात हे फार महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर मोठी पाकिटं आणूच नयेत. वर्षाचं घ्यायचं असेल तर आता, एप्रिल-मेच्या उन्हात. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, म्हणून आपले लोक मे महिन्यात मिरच्या, सोलं, आळसांदे (आपली मोठी चवळी), कांदे भरून ठेवायचे ते उगाच नव्हे.

भाजीबद्दल लिहितो, कारण तिथे निवडीला खरा वाव आहे. फूलकोबी, कोबी, वांगी, भेंडी, हिरवी मिरची, द्राक्षं आणि पालेभाज्या यांच्यावर फवारणी जास्त होते. युरोपात जाणाऱ्या भारतीय भेंडीची आणि कढीपत्त्याची तिथल्या सीमेवर कीटकनाशकांसाठी जादा तपासणी होते. भेंडी खरी सेंद्रिय मिळाली तर तिला पैसे दे. कढीपत्त्यावर मात्र एक पैसा घालू नकोस. तुझ्या गॅलरीत दुपारपर्यंत ऊन असतं, कुंडीत लाव. कांदे, फणस, अननस, केळी, भोपळा, नारळ यांची साल आपण टाकतो, म्हणून ती साधीच घे. नारळ इथूनच नेत जा.

बांगडे-तारले सेंद्रिय आहेत का असं अनिकेतने विचारल्याचं आईने सांगितलं. समुद्रातून पकडलेल्या मासळीला सेंद्रियचं प्रमाणपत्र लागूच होत नाही. कुणी तशी पाटी लावली असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. तुमची मासळी ताजी असली की झालं.

साधी भाजी घेतलीस तरी धुण्याने बराच फरक पडतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं निघून गेली, नुसत्या पाण्याने तेवढी निघाली नाहीत. म्हणजे अर्ध्या लिटर पाण्याला सपाट चमचाभर सोडा. फळात आत मुरलेलं मात्र सोड्याने निघत नाही. त्यासाठी सालच काढावी लागते. द्राक्षांची साल काढत बसणार नाहीस, म्हणून चिमीसाठी सेंद्रिय द्राक्षं मिळाली तर घे, नाहीतर पपई आणि चिकू दे.

सुपरमार्केट सोडून दोन ठिकाणं लक्षात ठेव. गोवा फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे स्वस्त आहेत, पण त्यावरची बरीच भाजी बेळगावहून येते आणि ती साधी असते. कांदे-बटाटे तिथून घे आणि वाचलेले पैसे डाळीत घाल. दुसरा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पावसाळ्यात बायका स्वतःच्या परसातली घोसाळी, दोडकी, चिबूड, तेरं घेऊन बसतात. स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला कायद्याने प्रमाणपत्राची सक्ती नाही. तेव्हा शिक्का नसला म्हणजे माल खोटा असं समजू नकोस. बसून बोल. ‘मावशी, पानांवर किडे पडले तेव्हा काय मारलंत?’ असं विचारलंस की जी खरं पिकवते ती राखेचं, कडुनिंबाचं, गोमूत्राचं सगळं सांगते. जिने औषध मारलं तीही पुष्कळदा सरळ सांगते. रस्त्याच्या कडेला उगवलेली टायकिळ्याची पालेभाजी मात्र कुणी दिली तरी नको. तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं.

तांदळाचं सांगायचं राहिलं. सेंद्रिय बासमती तुमच्या रोजच्या भाताला नकोच. उकडा घ्या. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला, कोरगुट तांदूळ मिळाला तर फारच उत्तम. ते भात खाऱ्या पाण्यात तग धरतं आणि तिथले बहुतेक शेतकरी त्याला रासायनिक खत घालत नाहीत. म्हापशात ‘ऑर्गॅनिक फार्मिंग असोसिएशन ऑफ इंडिया’चं कार्यालय आहे, सेंद्रिय शेतकऱ्यांचा पत्ता तिथे विचारता येईल. दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं तर दर सुपरमार्केटपेक्षा खाली येतो. तुझ्या इमारतीत लहान मुलांची आणखी घरं आहेत म्हणालीस, त्यांना विचार.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे साधं घेताना तुझ्या मनाला लागणार नाही. सेंद्रिय अन्नात पोषण कितीतरी जास्त असतं हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. औषधांचा अंश कमी असतो, एवढं मात्र खरं. चिमीने साधी, नीट धुतलेली, घरी शिजवलेली भाजी पोटभर खाल्ली तर तिचं काहीही अडत नाही. महाग म्हणून भाजीच कमी आणली, असं मात्र कधी होऊ देऊ नकोस.

मग सेंद्रियचा हट्ट का करावा? माझ्या मते खाणाऱ्याइतकाच पिकवणाऱ्यासाठी. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. खाली गावं होती, विहिरी होत्या, शाळेत जाणारी मुलं होती. तिथे जन्मलेल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला आयुष्यभराचं आजारपण आलं. सर्वोच्च न्यायालयाची बंदी यायला २०११ साल उजाडलं. आपण काजूच्या मुलखातली माणसं, मला ते वाचून झोप लागली नव्हती. तू जेव्हा शिक्क्याची डाळ घेतेस तेव्हा कुठेतरी एक माणूस पाठीवर पंप न घेता शेतात जातो. म्हणून सांगतो, थोडंच घे पण दर महिन्याला घे. एकदा सगळं सेंद्रिय आणून पुढच्या महिन्यात कंटाळून सोडण्यापेक्षा तूरडाळ, तांदूळ आणि गहू एवढंच धरून राहा. पगार वाढला की तेल जोड, मग भेंडी-फूलकोबी.

ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रीसचं फेस्त (चर्चची जत्रा) भरेल. तेव्हा मिरच्या आणि आळसांदे घ्यायला आम्ही दोघं येतो आहोत. हरमलची मिरची घ्यायची की खोलची, ते आईशी बोलून ठरव. तुझ्याकडचे मोठे डबे धुऊन उन्हात वाळवून ठेव, आणि चणे सवलतीत मिळाले तर आमच्यासाठीही दोन किलो उचल.

चिमीला पापा. अनिकेतला आशीर्वाद.

तुझे,
बाबा