दुपारी नको, पहाटे

बडोदे

प्रिय मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत घरी आलीस की सुरसागर तळ्याच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा, हा तुझा बेत मला फार आवडला. फक्त दुपारची वेळ बदल. भर उन्हात शेवाळलेलं पाणीसुद्धा निरोगी भासतं.

वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री कार्बन डायऑक्साइड, असं तू लिहिलंस ते अर्धंच खरं. श्वसन चोवीस तास चालू असतं. उजेडात प्रकाशसंश्लेषण त्याच्या कितीतरी पुढे जातं, म्हणून ते जाणवत नाही. हरितद्रव्याने टिपलेल्या प्रकाशावर पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. तो पाण्यातला, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. रूबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी १९४१ साली जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा जड अणूंचा) वापरून हे दाखवलं. कार्बन डायऑक्साइड लागतो तो साखर बांधायला.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला ही पाणवनस्पती आण. ग्लासभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा विरघळव आणि फांदीचं कापलेलं टोक वर करून ती बुडव. दिवा १५ सेंटिमीटरवर ठेवून पाच मिनिटं थांब, मग मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोज. नंतर दिवा ३० सेंटिमीटरवर ने. उजेड चौथाई होतो, बुडबुडे मात्र अगदी चौथाई होतीलच असं नाही, कारण जवळच्या लख्ख उजेडात बहुधा कार्बन डायऑक्साइडच अपुरा पडत असतो. एलईडी दिवाच घे. साध्या बल्बने पाणी तापतं आणि आकडे बिघडतात.

आता तळं. सूर्य मावळला की ऑक्सिजनची आवक बंद, खर्च मात्र चालू: शेवाळ, जिवाणू, मासे, सगळेच श्वास घेतात. म्हणून सूर्योदयाच्या आधी साठा सर्वांत कमी असतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. शेवाळ माजलं असेल तर दुपारी आकडा त्याच्याही वर चढतो आणि पहाटे ३ मिलिग्रॅमच्या खाली येऊ शकतो. मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. लागोपाठ ढगाळ दिवस आले की दिवसाची कमाईच घटते. सांडपाणी आणि निर्माल्य कुजून शेवाळाला खत मिळतं, आणि ते मेलं की त्याला कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात.

नमुन्याची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भर, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं काठावरच घाल, घरी आणून नको. बंद बाटलीतही शेवाळ ऑक्सिजन घालत-काढत राहतं. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. ते अल्कली कातडी भाजतं, हातमोजे विसरू नकोस.

पहिली बाटली सूर्योदयाआधी, दुसरी दुपारी दोनला. जागा तीच, खोलीही तीच. पहाटे मी तुझ्याबरोबर येईन, विजेरी घेऊन.

तुझी,
आई