चाळीस शेळ्या आणि एक आदत बोकड : आपल्या युनिटबाबत लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले बोलणे हे या विषयावरचे सहावे आणि माझ्यापुरते शेवटचे असल्यामुळे यापुढचे सर्व मी लिहूनच कळवीत आहे.

आपल्याकडून घेतलेले 'चाळीस अधिक एक' युनिट, म्हणजे उस्मानाबादी जातीच्या चाळीस शेळ्या आणि एक बोकड, करवीर तालुक्यातील माझ्या गोठ्यावर उतरले. पूर्ण वाढीच्या एका बोकडामागे वीस ते तीस शेळ्या हे प्रमाण शेळ्याच विकणाऱ्या कंपनीला मी शिकवावे असे नाही. सरकारी योजनांतही दहा शेळ्यांना एक किंवा शंभरांना पाच असाच हिशेब धरलेला असतो. आपण चाळीस धरले, आणि तेही अशा बोकडाच्या भरवशावर, की ज्याचे वय कागदावर दोन वर्षे आहे आणि तोंडात आठही दात दुधाचे आहेत. खालचा ओठ दाबून मी स्वतः पाहिले. दोन वर्षांच्या जनावराला निदान दोन पक्के दात तरी असतात. हा आदत आहे, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेला.

आपल्याच सूचनेनुसार महिनाभर वेगळा बांधलेला हा बोकड कळपात सोडला, तेव्हा कोणती शेळी भरली ते कळावे म्हणून त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावला होता. महिन्याने आलेल्या बोकडाच्या वासाने शेळ्या एकदम माजावर येतात, हेही आपल्याला ठाऊक असणारच. सातव्या दिवशी आठ शेळ्या शेपट्या हलवीत, ओरडत त्याच्याभोवती फिरत होत्या; संध्याकाळपर्यंत लाल डाग दोघींच्याच पाठीवर उमटला आणि बोकड गव्हाणीखाली डोके घालून बसला. माज जेमतेम दिवस-दीड दिवस टिकतो, त्यामुळे उरलेल्या सहा तशाच राहिल्या. पुढच्या दिवसांत ज्यांच्या पाठीवर डाग पडला त्यांच्यातल्याही अनेक 21 दिवसांच्या आत उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. आजमितीस चाळीसपैकी अकराच गाभण आहेत.

आता आजचे संभाषण. शेळ्या चाळीस आहेत असे सांगताच आपले प्रतिनिधी म्हणाले, "मग डिलिव्हरी बरोबर आहे, सर." तक्रार संख्येची नसून प्रमाणाची आहे, असे मी म्हणालो. त्यावर "एक मिनिट होल्ड करा" म्हणून त्यांनी मला अकरा मिनिटे सनई ऐकवली, जी प्रसंगाला शोभणारी होती हे मान्य करतो, आणि परत येऊन विचारले, "बोकड लाजाळू आहे का, सर? त्याला जरा एकांत देऊन बघा." चाळीस जणींच्या एकुलत्या एक नवऱ्याला एकांत कसा द्यावा, हे आपल्या माहितीपुस्तिकेत असल्यास पान क्रमांक कळवावा. पुढे ते म्हणाले, "शेळ्यांना टप्प्याटप्प्याने माजावर आणा." रेशन दुकानासारखे टोकन वाटून माज येत नाही. आणि शेवटी, "नसेल चालत तर विकून टाका." कोल्हापुरात बोकड खपवायला आपला सल्ला लागत नाही, रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला गिऱ्हाईक दारात येते. परंतु मी पैसे पैदाशीच्या बोकडाचे मोजले आहेत, रश्श्याच्या नव्हे.

रिकामी गेलेली प्रत्येक पाळी म्हणजे तीन आठवड्यांचा चारा आणि पाच महिन्यांनी येणारी करडे तेवढीच लांबणीवर. हा बोकड आदत आहे, हे मी पहिल्याच फोनला सांगितले होते आणि इथे पुन्हा लिहीत आहे, कारण त्यावर आजवर कोणी एक शब्दही बोललेले नाही. ही 'व्यावसायिक खरेदी' असल्याने ग्राहक कायदा लागू होत नाही, असेही मला ऐकवण्यात आले. पोटापाण्यासाठी स्वतः राबून करायच्या स्वयंरोजगाराची खरेदी 2019 च्या कायद्याने त्यातून वगळली आहे, हे आपल्या कायदा विभागाला विचारून घ्यावे.

हा बोकड परत न्यावा आणि त्याऐवजी दुसऱ्या कळपातले, चार दाती (चार पक्के दात आलेले), शेळ्या भरवण्यात तपासलेले दोन बोकड द्यावेत. वाया गेलेल्या चाऱ्याचा हिशेब सोबत जोडला आहे. तो पंधरा दिवसांत न भागल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बोकडांना मात्र पंधरा दिवस लावू नयेत. उलटलेल्या शेळ्या येत्या मंगळवारपासून पुन्हा माजावर येतील, तेव्हा ते सोमवारच्या आत पोहोचावेत, आणि या वेळी दात पशुवैद्यकाकडून मोजून घेऊन पाठवावेत.

आपला ग्राहक