ट्राम रखडते ती रुळांमुळे नव्हे

महोदय,

ट्राम रखडली की दोष रुळांना दिला जातो आणि ‘त्यापेक्षा बस बरी’ असा सूर निघतो. ट्रामला वळसा घालून पुढे जाता येत नाही, हे खरंच. कडेला लावलेल्या मोटारीचा कोपरा वीतभर जरी आत आला, तरी मागे चार-पाच ट्रामांची रांग लागते. म्हणून तर तिला स्वतंत्र मार्गिका हवी, आणि तीही कठड्याची. रंगाच्या पट्ट्याला कोणी जुमानत नाही. मेलबर्नचं जाळं जगातलं सर्वांत मोठं, सुमारे २५० किलोमीटरचं. पण त्यातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग मोटारींच्याच रस्त्यातून जातो, त्यामुळे सरासरी वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास अडकला आहे.

थांब्यांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. ब्रेक, दारं, चढउतार, पुन्हा वेग घेणं, यात थांब्यामागे अर्धं मिनिट धरा. ३०० मीटरऐवजी ५०० मीटरवर थांबे ठेवले, तर १० किलोमीटरच्या मार्गावर तेरा थांबे कमी होतात. जाऊन-येऊन तेरा मिनिटं वाचली. फेरी ९० मिनिटांची आणि दर ६ मिनिटांनी गाडी, तर १५ ट्राम लागतात. फेरी ७७ मिनिटांवर आली की १३ पुरतात.

सिग्नलवर ट्रामला प्राधान्य देऊनही काही चौकांत गाडी अडते, त्याचं कारण बहुधा थांब्याची जागा असते. ट्राम दीडशे-दोनशे मीटरवर असतानाच यंत्रणेला वर्दी मिळते आणि हिरवा दिवा आठ-दहा सेकंद लांबतो. थांबा चौकाच्या अलीकडे असेल, तर चाकांची खुर्ची आत घ्यायला किती वेळ लागेल हे यंत्रणेला कसं कळणार? दारं उघडी असतानाच दिवा लाल होतो. थांबा चौक ओलांडल्यावर हवा.

राहिली देखभाल. रस्त्यातल्या रुळाची खाच जेमतेम चार सेंटिमीटर रुंद. (सायकलवाल्यांनी ती होईल तितकी काटकोनात ओलांडावी, तिरपं चाक हमखास अडकतं.) सांध्यापाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, या खाचेत वाळू-खडी साचली की सांध्याची जीभ (गाडी वळवणारा सरकता निमुळता रूळ) पूर्ण बसत नाही आणि गाडी रुळावरून घसरू शकते. वरून झाडू मारून भागत नाही. सांध्याखालची निचऱ्याची पेटी उपसावी लागते. ती तुंबली की पहिल्याच जोराच्या पावसात गाळ पुन्हा खाचेत येतो.

— शहर वाहतुकीचे काही अभ्यासक