संयम किती दिवसांचा, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला ‘संयमाचे सामर्थ्य’ सांगणारा लेख वाचला. लेखक वयाने मोठे असावेत, म्हणून जपून लिहिते. वीर्य ही बँकेतली ठेव, जितके दिवस राखाल तितके मूल होण्यासाठी चांगले, असे ते म्हणतात. तसे असते तर माझ्या नवऱ्याच्या खात्यावर भलतेच व्याज साठले असते. तो बोटीवर कामाला असतो.

करार संपवून तो आला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच्या वीर्याच्या तपासणीला गेलो. सुट्टी मोजकी, आणि फोनवर सांगितलेले की “जास्त दिवस झालेले असले तर बरेच.” कुठून सांगितले ते लिहीत नाही. फॉर्मवर किती दिवसांचा संयम ते भरायचा रकाना होता. खिडकीतल्या मुलाने काही न विचारता निळ्या पेनाने तिथे ‘3’ लिहिले आणि डबी पुढे सरकवली. नवरा लाजेने गप्प, मी बाकावरून बघतेय. रिपोर्टात शुक्राणूंची संख्या भरपूर, पण हालचाल करणाऱ्यांचे प्रमाण 42 टक्क्यांच्या किमान मर्यादेच्या पुष्कळ खाली. डॉक्टरांनी तो ‘3’ खरा धरला आणि थेट इक्सीचा, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याच्या उपचाराचा, खर्च सांगितला. घरात कर्जाची बोलणी सुरू झाली. सासूबाईंनी तर माझ्याच पत्रिकेतले दोष काढले!

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “किती दिवस झाले होते?” खरे काय ते सांगितल्यावर त्यांनी तीन दिवस राखून नमुना पुन्हा द्यायला लावला. रिपोर्ट मर्यादेत आला.

लेखकांचे अर्धे बरोबर आहे, हेही सांगते. दिवस वाढले की वीर्याचे प्रमाण आणि शुक्राणूंची संख्या वाढते. पण साठून राहिलेले शुक्राणू मंदावतात आणि त्यांच्यातल्या डीएनएची मोडतोड वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने तपासणीसाठी 2 ते 7 दिवस सांगितले आहेत. डीएनएची मोडतोड जास्त असेल तर काही डॉक्टर एखाद्या दिवसाचेच अंतर ठेवायला सांगतात, काही वेळा तर थोड्या तासांनी दुसरा नमुना घेतात. संख्याच कमी असेल तर हिशेब वेगळा. तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरने मांडायचा, पुरवणीने नव्हे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची, मोफत सोय झाल्यापासून आमच्या गावातली जोडपीही आता चौकशी करू लागली आहेत. ती असले लेख कापून ठेवतात हो!

आणि त्या लेखाखालीच ‘15 दिवसांत फरक’ देणाऱ्या काढ्याची जाहिरात. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. जाहिरातीचे पैसे तेवढे वेळेवर पोचत असतील.

आणखी एक. हा लेख तुम्ही महिलांच्या पुरवणीत का छापला? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडचे कारण एकटे नाहीतर जोडीला असते. आमच्या घरी ती पुरवणी मी सोडून कोणी उघडत नाही. खुलासा छापणार असाल तर क्रीडा पानावर छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, फोंडा
(नाव प्रसिद्ध करू नये. सासूबाई पेपर वाचतात.)